होल्स्टरचा कोन: मूठ, मनगट आणि कमरेचं हाड

कमरेला लपवून लावलेलं पिस्तूल शर्टाखालून ओळखू येतं ते बहुतेक वेळा मुठीमुळे. नळी पायाच्या रेषेत खाली जाते, तिचा उंचवटा फारसा दिसत नाही. मूठ मात्र शरीराला आडवी मागे निघते आणि तिच्या टोकावर कापड तंबूसारखं ताणलं जातं. होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) पुढे किंवा मागे झुकवण्याची सोय असते ती मुख्यतः या टोकासाठी आणि मनगटासाठी. या झुकावाला ‘कॅन्ट’ म्हणतात. मूठ पुढे आणि नळीचं तोंड मागे असेल तर तो पुढचा कॅन्ट. याच्या उलट असेल तर मागचा.

मूठ 10 सेंटीमीटर लांब आहे आणि नळीशी काटकोनात असण्याऐवजी 20 अंश कललेली आहे असं धरू. होल्स्टर सरळ उभं असताना मुठीचं टोक नळीच्या मागे सुमारे 9.4 सेंटीमीटर जातं. 15 अंश पुढे झुकवलं की तेच अंतर 8.2 सेंटीमीटर होतं. हा सव्वा सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण सैल शर्टाखाली तेवढ्यानेच फरक पडतो. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते: तेच टोक दोन सेंटीमीटरहून थोडं अधिक वर चढतं. धड आखूड असेल तर ते बरगड्यांना टोचू लागतं.

किती झुकाव हवा हे पिस्तूल कमरेवर कुठे आहे त्यावर ठरतं. जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात: बेंबी 12, उजवी बाजू 3, पाठीचा कणा 6. (डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट धरावं.) 3 वर हात खांद्यावरून जवळजवळ सरळ खाली येतो, म्हणून 0 ते 5 अंश पुरतात. 4 वर हात खाली आणि मागे जातो. तिथे होल्स्टर उभंच ठेवलं तर मनगट वाकवल्याशिवाय पूर्ण पकड बसत नाही. मनगट अंगठ्याच्या बाजूला जेमतेम 20 अंश वळतं, त्यामुळे ही ओढाताण लगेच जाणवते. म्हणूनच या जागेसाठी 10 ते 15 अंशांचा पुढचा झुकाव रूढ झाला. पुढच्या बाजूला, 1 च्या आसपास, शून्यापासून सुरुवात करावी. 6 ची जागा टाळावी. पाठीवर पडल्यास धातूचा तो गोळा थेट कण्यावर आदळतो, आणि त्याला कुठलाही कोन उपाय नाही.

बरेच जण इथे फसतात, कारण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं. झुकाव एक, पट्ट्याच्या वर मूठ किती राहते ती उंची दुसरी, आणि मूठ शरीराकडे वळते की बाहेर पडते ही तिसरी. भरलेलं मॅगझिन (काडतुसांची पेटी) मुठीत असतं, त्यामुळे बरंच वजन पट्ट्याच्या वर राहतं आणि पिस्तूल बाहेर कलतं. ही तक्रार झुकाव बदलून कधीच जात नाही. त्यासाठी होल्स्टर थोडं खाली घ्यावं, किंवा तळाशी फोमची पाचर लावावी. पाचर नळीचं तोंड शरीरापासून दूर ढकलते आणि वरची मूठ आत येते. पाचरीने दाबही जास्त जागेवर पसरतो.

दाब कुठे पडतो हेही पाहायला हवं. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाने चाचपता येतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारी नस त्याच्या लगत जाते. तिथे होल्स्टर किंवा घट्ट पट्टा दाबत राहिला तर मांडीला मुंग्या येतात, जळजळ होते, बधिरपणा येतो. असं होत असेल तर सवय होण्याची वाट न पाहता जागा त्याच दिवशी बदलावी.

जुळवणी पूर्ण रिकाम्या पिस्तुलाने करावी. मॅगझिन काढावं, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासावं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावी. प्लॅस्टिकचं नकली पिस्तूल मिळालं तर अधिक चांगलं. आधी जागा, मग उंची, शेवटी कोन. एका वेळी एकच गोष्ट आणि 5 अंशांचाच बदल. कोन मोजायला दोऱ्याला नट बांधून ओळंबा करावा, तो होल्स्टरशेजारी धरून बाजूने फोटो काढावा आणि फोटोवर कोनमापक ठेवावा. पट्टा पुष्कळांच्या कमरेवर पुढे उतरता असतो, त्यामुळे होल्स्टरवरचा ‘शून्य’ प्रत्यक्षात काही अंश पुढे झुकलेला निघतो. त्यानंतर दोन-तीन तास वापरून बसावं, वाकावं, उकिडवं बसावं, हात वर करावेत. शेवटी त्वचेवरचे लाल वण पाहावेत. अर्ध्या तासानंतरही न गेलेला वण दाब कुठे जास्त आहे ते नेमकं दाखवतो.

बसवलेला कोन टिकत नसेल तर दोष बहुधा होल्स्टर पट्ट्याला अडकवणाऱ्या क्लिपचा असतो. 38 मिलिमीटरच्या पट्ट्यावर 45 मिलिमीटरची क्लिप लावली की होल्स्टर पुढेमागे डोलतं, आणि काळजीने ठेवलेले 15 अंश चालता चालता 10 किंवा 20 होतात. एकमेकींपासून दूर लावलेल्या दोन क्लिप हे फिरणं एका क्लिपपेक्षा चांगलं अडवतात. कोन पक्का झाला की स्क्रूला थोडं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावावं.

20 अंशांच्या पुढे जाण्याचं कारण क्वचितच असतं. मूठ छान लपते, पण पिस्तूल वर काढताना खांदा उचलावा लागतो. ते परत ठेवताना होल्स्टरचं तोंड नजरेआड जातं आणि शर्टाचं टोक ट्रिगरच्या कडीत अडकण्याचा धोका वाढतो. परत ठेवताना बोट ट्रिगरपासून दूर, कापड बाजूला, नजर होल्स्टरच्या तोंडावर. जरा अडथळा जाणवला तरी जोर न लावता पिस्तूल बाहेर काढून पाहावं. पुढच्या जागेवर ही शिस्त दुप्पट हवी, कारण तिथे नळीच्या रेषेत जांघेतली मोठी रोहिणी येते. कंबर पुढे काढून धड मागे झुकवलं की ती रेषा शरीरापासून दूर सरकते.