डोक्यावर ऊन आहे म्हणून धबधबा सुरक्षित नसतो

मनुदेवीला किंवा तोरणमाळच्या सीताखाईला धबधबा पाहायला निघताना खानदेशात हमखास ऐकू येतं, "पाऊस उघडलाय, आता पाण्याची भीती नाही." हा समज खोटा आहे, आणि जीवघेणाही. धबधब्याचं पाणी वरच्या सातपुड्यात पडलेलं असतं. तिथे जोराची सर आली की कातळात फारसं मुरत नाही, सगळं नाल्यात उतरतं आणि खाली लख्ख ऊन असतानाच लोंढा येतो.

पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की डबे-पिशव्या तिथेच टाकून उंचावर चढा. नाला ओलांडू नका. आहात त्याच बाजूच्या उंच जागी जा. आणि निघा सकाळीच: जून-ऑक्टोबरचा गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर गाठतो.