पापणीवरून पकडलेला आजार : मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि डोळ्यांची पार्श्वभूमी

मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू वापरले की लवकर थकतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा चालतात, असा आजार) हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते अमिताभ बच्चनमुळे. १९८० च्या दशकात त्याला हा आजार निघाला, पेपरांत मासिकांत छापून आलं, पण चर्चा झाली ती अंगातली ताकद जाते याची, डोळ्यांचा भाग तेव्हा मागेच राहिला. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त पेशंट्सची पहिली तक्रार डोळ्यांचीच असते. एक पापणी खाली यायला लागते किंवा एकाचे दोन दिसायला लागतात, सकाळी सगळं ठीक आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसलं की निवेदिका दोन, मग माणूस आधी चष्मेवाल्याकडे जाऊन नंबर बदलून घेतो, कोणी शुगर तपासा म्हणतं, कोणी मेंदूचा एमआरआय काढायला लावतं, सगळं नॉर्मल. त्यात डॉक्टरची अपॉइंटमेंट सकाळची असली की पापणी जागच्या जागी, दाखवायला काही उरतच नाही (संध्याकाळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, याच्याइतका कामाचा सल्ला या आजारात दुसरा नाही). आणि इतिहास बघायला गेलं तर या आजारातला जवळजवळ प्रत्येक मोठा टप्पा कोणीतरी पापणीकडे नीट बघितलं म्हणून आलाय.

सगळ्यात जुनं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा मूळनिवासी सरदार ओपेचंकनो याचं नाव घेतात. १६४४ मध्ये त्याने इंग्रजांवर शेवटचा मोठा हल्ला केला तेव्हा तो खूप म्हातारा होता, त्याला उचलून न्यावं लागायचं आणि पापण्या इतक्या जड झाल्या होत्या की नोकरांनी वर धरल्या तरच त्याला दिसायचं, असं नंतरच्या इतिहासात लिहिलंय. काही डॉक्टरांनी त्यावरून हा पहिला नोंदलेला मायस्थेनिया असावा असा अंदाज बांधला, मला तो जरा ओढूनताणून वाटतो कारण त्या वयात पापण्या तशाही लोंबतात. त्यापेक्षा इंग्लंडातल्या थॉमस विलिसची १६७२ ची नोंद भक्कम आहे. त्याची एक पेशंट बाई थोडा वेळ बोलली की तिची जीभ थकून बोलणंच बंद व्हायचं आणि विश्रांतीनंतर पुन्हा यायचं. आणखीही काही पेशंट्स सकाळी धडधाकट आणि दुपारपर्यंत गळालेले, असं त्याने लिहून ठेवलं. आजाराचा स्वभाव त्याने बरोबर पकडला होता, पुढे दोनशे वर्षं कोणी लक्ष दिलं नाही.

मग १९ व्या शतकाच्या शेवटी एकदम रांग लागली. लंडनच्या सॅम्युअल विल्क्सने १८७७ मध्ये अशा एका मुलीची नोंद छापली, ती श्वास थांबून गेली आणि शवविच्छेदनात मेंदूत काहीच सापडलं नाही. १८७९ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म एर्बने तीन पेशंट्स लिहिले, त्यात पडलेल्या पापण्यांचं वर्णन ठळक आहे. १८९३ मध्ये वॉर्साच्या सॅम्युअल गोल्डफ्लामने आजाराचं चढउताराचं चित्र पूर्ण केलं. आणि १८९५ मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिश योलीने आज चालतं ते नाव दिलं, शिवाय स्नायूला विजेचे झटके पुन्हा पुन्हा देऊन दाखवलं की आकुंचन हळूहळू कमी होत जातं आणि थोडी विश्रांती दिली की परत येतं. आज न्यूरोलॉजिस्टकडे हाताला, चेहऱ्याला छोटे छोटे करंट देऊन टेस्ट करतात ती याच कल्पनेवर उभी आहे. पण उपचार? शून्य.

उपचार आला तो लंडनजवळच्या ग्रिनिचच्या सेंट अल्फेज हॉस्पिटलमधून, आणि मला या सगळ्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. हे काही नावाजलेलं टीचिंग हॉस्पिटल नव्हतं, गरिबांसाठी काढलेलं, पुढे कौन्सिलकडे आलेलं हॉस्पिटल, आणि मेरी वॉकर तिथे असिस्टंट मेडिकल ऑफिसर, म्हणजे वॉर्डातली सगळी ढोर मेहनत करणारी डॉक्टर. त्या काळात बाई डॉक्टरला मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळणं कठीणच. डेरेक डेनी-ब्राउन हा न्यूरोलॉजिस्ट अधूनमधून तिथे पेशंट बघायला यायचा, तो बोलता बोलता म्हणाला की हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसतो. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावायचे ते विष, स्नायू लुळे करणारं. वॉकरबाईंनी विचार केला, क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन चालतं ना, मग इथे देऊन का बघू नये? दिलं. एका ५६ वर्षांच्या बाईला कातडीखाली इंजेक्शन, आणि तासाभराच्या आत डावी पापणी वर गेली, गिळणं सुधारलं, हात हलके झाले, काही तासांनी परिणाम उतरला की पुन्हा जैसे थे. जून १९३४ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे एका छोट्या पत्रासारखं छापून आलं, सोबत पापणीचे आधीचे नंतरचे फोटो. पुढच्याच वर्षी तिने त्याच जातीचं प्रोस्टिग्मिन, म्हणजे निओस्टिग्मिन, वापरून लंडनच्या डॉक्टरांसमोर हे करून दाखवलं. बऱ्याच जणांचा आधी विश्वासच बसला नव्हता. खरं म्हणजे १९३२ मध्ये जर्मनीत लाझार रेमेनने एका पेशंटला निओस्टिग्मिन दिलं होतं आणि फरकही नोंदवला होता, पण आपल्या हातात काय लागलंय याकडे त्याचं लक्षच गेलं नाही बहुतेक.

फायसोस्टिग्मिनची स्वतःची कुंडलीही भारी आहे. ते येतं नायजेरियाच्या कॅलबार भागातल्या एका वेलीच्या बियांतून. तिथे आरोपीला दिव्य करायला लावायचे, म्हणजे या बिया खायला घालायच्या, उलटी होऊन बाहेर पडल्या तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. त्याच विषाचे थेंब डोळ्यांचे डॉक्टर १८७० च्या दशकापासून काचबिंदूवर वापरत होते, म्हणजे औषध साठ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात पडून होतं आणि पडलेल्या पापणीशी त्याची गाठ कोणी घातली नव्हती.

छातीतल्या थायमस ग्रंथीचा (प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी ग्रंथी) संबंध वेगळ्याच वाटेने कळला. १९०१ मध्ये कार्ल वायगर्टने एका पेशंटच्या थायमसमध्ये गाठ नोंदवली, १९३६ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉकने तशी गाठ काढल्यावर पेशंट सुधारली, मग त्याने गाठ नसलेल्यांचीही ग्रंथी काढायला सुरुवात केली. याचा खरा फायदा किती यावर पुढे ७० वर्षांहून जास्त वाद चालू राहिला, तो मिटला २०१६ मध्ये, १२६ पेशंट्सच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलने. पण त्यात आजार फक्त डोळ्यांपुरता असलेले पेशंट्स घेतलेच नव्हते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कारणाकडे. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे नस अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते आणि स्नायूवरचे रिसेप्टर ते पकडतात. १९६० मध्ये स्कॉटलंडच्या जॉन सिम्पसनने अंदाज मांडला की शरीराचीच प्रतिकारशक्ती या रिसेप्टरवर उलटली असावी. पुरावा द्यायचा तर रिसेप्टर मोजायला हवेत, आणि ते मोजायचं साधन मिळालं सापाकडून. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या मण्यारीच्या विषातून एक घटक वेगळा काढला, तो या रिसेप्टरला असा काही चिकटतो की सुटता सुटत नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली की रिसेप्टर मोजता येतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या पेशंट्सच्या स्नायूत रिसेप्टर खूपच कमी असल्याचं दाखवलं. म्हणजे चाव्या भरपूर, पण कुलपंच गायब. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचले तर सशांच्या माना लुळ्या पडल्या, आणि वॉकरबाईंनी वापरलं त्या प्रकारचं औषध दिलं की ते ससे पुन्हा उभे राहिले. १९७६ पर्यंत या रिसेप्टरवर उलटलेली रक्तातली अँटीबॉडी मोजायची टेस्ट आली.

मण्यार म्हटलं की आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या आणि खेड्यातल्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दुखत नाही, सूज नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून उठतो आणि पापण्या उघडत नाहीत. नागाच्या दंशातही पापण्या पडतात आणि तिथे सर्पदंशाच्या लसीबरोबर निओस्टिग्मिन आणि त्याचे दुष्परिणाम आवरणारं अ‍ॅट्रोपिन देतात, म्हणजे ग्रिनिचचंच औषध. मण्यारीत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही कारण तिचं विष मुख्यतः नसेचं टोकच निकामी करतं.

पण पहिला घाला डोळ्यांवरच का? याची उत्तरं दोनतीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. डोळे फिरवणारे स्नायू सतत, फार वेगाने काम करतात आणि पापणी उचलणारा स्नायू तर आपण जागे असतो तेवढा वेळ ताणलेलाच असतो. त्यांच्या जोडावर रिसेप्टरची शिल्लक मुळात कमी, आणि प्रतिकारशक्तीच्या माऱ्यापासून वाचवणारी प्रथिनंही तिथे कमी सापडली आहेत. शिवाय मांडीच्या स्नायूची ताकद थोडी कमी झाली तर कळतही नाही, डोळा मात्र एक मिलिमीटर ढळला तरी लगेच दोन दिसतात.

निदानाचं आजही बरंचसं काम खुर्चीवर बसवूनच होतं. वर छताकडे एकटक मिनिटभर बघायला लावतात, पापणी हळूहळू उतरते. जास्त पडलेली पापणी बोटाने वर उचलली की दुसरी खाली येते, कारण दोन्हींना मेंदूकडून एकच हुकूम जातो. डेव्हिड कोगनने १९६५ मध्ये लिहिलेली खूण म्हणजे पेशंटला काही सेकंद खाली बघायला लावून एकदम समोर बघायला सांगायचं, पापणी क्षणभर गरजेपेक्षा वर उडते आणि परत घसरते. डोळ्याची बाहुली मात्र नॉर्मल राहते, कारण तिच्या स्नायूचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे. बाहुली मोठी झाली असेल, सोबत डोकं दुखत असेल आणि पापणी पडली असेल तर तो मायस्थेनिया नाही, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असू शकतो, तेव्हा तडक हॉस्पिटल गाठायचं.

आणि बर्फ. हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं ठेवायचा, काढल्यावर पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर टेस्ट पॉझिटिव्ह. थंडीत अ‍ॅसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमचा वेग मंदावतो म्हणून हे होतं, आधी पट्टीने माप घ्यायला विसरायचं नाही एवढंच. १९५२ पासून एड्रोफोनियम या त्याच जातीच्या औषधाचं इंजेक्शन देऊन मिनिटभरात पापणी वर जाते का बघायचे, पण त्यात हृदयाचे ठोके मंदावायचा धोका आणि आता ते औषध मिळणंही मुश्कील, त्यामुळे आपल्याकडे निओस्टिग्मिनची टेस्ट चालते, अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवून.

रक्ताच्या टेस्टबद्दल लोकांची मोठी गल्लत होते. अंगभर पसरलेल्या आजारात अँटीबॉडी साधारण ८५ टक्के लोकांत सापडते, पण आजार फक्त डोळ्यांत असेल तर जेमतेम निम्म्यांत. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही. अशा वेळी भुवईच्या किंवा पापणीच्या स्नायूत बारीक सुई घालून सिंगल फायबर ईएमजी (एकेका स्नायूतंतूची विजेची नोंद) करतात, ही टेस्ट १९६० च्या दशकात स्वीडनच्या उप्सालातून आली आणि सगळ्यात संवेदनशील आहे, पण ती नीट करणारी जागा शोधावी लागते. २००१ मध्ये मस्क नावाची दुसरी अँटीबॉडी सापडली, नुसत्या डोळ्यांच्या आजारात ती क्वचित. छातीचा सीटी स्कॅन सगळ्यांचाच करतात कारण १० ते १५ टक्के पेशंट्सना थायमसची गाठ असते, आणि थायरॉइडही बघतात कारण ही दोन दुखणी बरेचदा जोडीने येतात.

उपचारात पहिली गोळी पायरिडोस्टिग्मिन, १९५० च्या दशकातली, अर्ध्या तासात चढते आणि तीनचार तासांत उतरते. पोटात मुरडा, जुलाब, लाळ हे ठरलेलं. पापणी बऱ्यापैकी ऐकते तिचं, डबल दिसणं तितकं ऐकत नाही. मग स्टिरॉइड, तेही कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवत, कारण एकदम मोठा डोस दिला तर पहिल्या काही आठवड्यांत आजारच उफाळू शकतो. स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन देतात, त्याचा परिणाम दिसायला बरेच महिने लागतात आणि तेवढ्यात काही लोक ही गोळी काही कामाची नाही म्हणून सोडून देतात. डबल दिसण्यावर एक डोळा झाकणं किंवा चष्म्याच्या एका काचेला धुरकट टेप लावणं हा साधा उपाय चांगला चालतो, प्रिझमचा (दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचेचा) नंबर काढला तरी डोळ्याचा कोन रोज बदलतो म्हणून पैसे वाया जायची शक्यता जास्त. पापणीसाठी चष्म्याच्या फ्रेमला आतून टेकूसारखी तार बसवून मिळते. ग्रीक जहाजमालक अ‍ॅरिस्टॉटल ओनॅसिसकडे पैशाला तोटा नव्हता, तरी १९७५ मध्ये जाण्याआधी तो पापण्या चिकटपट्टीने वर चिकटवूनच हिंडायचा. पापणीचं ऑपरेशन आजार बराच काळ स्थिर राहिल्याशिवाय करत नाहीत.

औषधांची यादी मात्र खिशात हवी. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या गोळ्या, अ‍ॅझिथ्रोमायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, बीपीसाठीचे बीटा ब्लॉकर, हे सगळं आजार वाढवू शकतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, डोळ्यात टाकलेलं औषध अंगात जात नाही हा गैरसमज आहे.

ज्यांची सुरुवात डोळ्यांतून होते त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांत आजार पुढे अंगात पसरतो, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, तेवढं निघून गेलं की शक्यता बरीच कमी होते. लवकर स्टिरॉइड दिलं तर हे पसरणं टळतं असं बऱ्याच डॉक्टरांचं मत आहे, पण ते जुन्या केस पेपरांवरून काढलेलं. नीट ट्रायल करायचा प्रयत्न अमेरिका-कॅनडात झाला, २०१६ मध्ये निकाल छापला, पेशंट्स मिळाले फक्त ११. प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या गटात ६ पैकी ५ जणांची लक्षणं जवळजवळ गेली, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या) ५ मध्ये एकाचीही नाही. पण आजार पसरतो का याचं उत्तर ११ जणांतून निघत नाही. थायमस काढण्याच्या ट्रायलमध्येही डोळेवाले नव्हते, आणि २०१७ पासून या आजारात आलेली एक्युलिझुमॅब, एफगार्टिजिमॉड ही महागडी इंजेक्शनं मंजूर झाली तीही अंगभर आजार असलेल्यांसाठीच. त्यामुळे फक्त पापणी आणि डबल दिसणं एवढीच तक्रार असलेल्या पेशंटला कधी, किती आणि काय द्यायचं हे आजही बऱ्याच अंशी समोरच्या न्यूरोलॉजिस्टच्या अंदाजावर ठरतं.