कॅल्शियम भरपूर, तरी प्रवाळ वाढेना

घरी समुद्री टाकी ठेवून त्यात प्रवाळ वाढवणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की रुजलेली आहे. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियमचा, तेव्हा वाढ थांबली की पाण्यात कॅल्शियम ओतायचं. दुकानातल्या बाटल्यांवरही हाच शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. हिशेब मांडला की मात्र दिसतं, टाकीत आधी संपतं ते कॅल्शियम नव्हे.

सांगाडा असतो कॅल्शियम कार्बोनेटचा. कॅल्शियमच्या जोडीला कार्बोनेट हवंच, आणि ते येतं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून. मुख्यतः कार्बोनेट आणि बायकार्बोनेट या दोघांमुळे पाण्यात आम्ल रिचवण्याची जी ताकद असते, ती अल्कलाइनिटी. अनेक जण तिला पीएच समजतात. पीएच सांगतो पाणी आत्ता किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे. अल्कलाइनिटी सांगते ते अजून किती आम्ल पचवू शकेल.

आता आकडे बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अल्कलाइनिटी जेमतेम २.३ मिलिइक्विव्हॅलंट (हे ती मोजायचं एकक), म्हणजे टाकीवाल्यांच्या भाषेत, त्यांच्या डीकेएच या एककात, सुमारे साडेसहा. सांगाडा बांधताना १ मिलिइक्विव्हॅलंट अल्कलाइनिटी खर्च झाली की कॅल्शियम फक्त २० मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे अल्कलाइनिटी पार शून्यावर आली तरी कॅल्शियम ४१० वरून ३६५ च्या आसपास येईल! तोवर टाकीतलं काहीच जगलेलं नसेल. एकाचं कोठार भरलेलं, दुसऱ्याचं जवळजवळ रिकामं.

खर्च असा का होतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. प्रवाळाची जिवंत त्वचा आणि तिच्याखालचा जुना सांगाडा यांच्यामध्ये द्रवाचा एक अत्यंत पातळ थर असतो. त्वचेच्या पेशींमधली प्रथिनं पंपासारखी काम करतात. ती कॅल्शियमचा आयन आत ढकलतात आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन बाहेर फेकतात. हायड्रोजन गेला की थरातला पीएच चढतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि अॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका रूपाचे, स्फटिक जमू लागतात. हा पंप चालवायला ऊर्जा लागते. ती बरीचशी प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशसंश्लेषणातून पुरवतात, म्हणून सांगाडा अंधारापेक्षा उजेडात झपाट्याने वाढतो.

पण बाहेर फेकलेल्या हायड्रोजनचं काय? त्याला पाण्यातलं दुसरं बायकार्बोनेट गाठतं, आणि त्या दोघांतून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. म्हणजे दर दोन बायकार्बोनेटपैकी एक सांगाड्यात जातं आणि दुसरं आम्ल निस्तरण्यात संपतं. एका कॅल्शियममागे अल्कलाइनिटीचे दोन घटक खर्च होतात ते यामुळेच. 'प्रवाळ चुनखडी बांधतात म्हणून हवेतला कार्बन शोषतात' असं जे उत्साहाने सांगितलं जातं, ते याच कारणाने चूक आहे. चुनखडी बनताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. प्रवाळ वाचवायला खोट्या कारणाची गरज नाही. भारतात दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून तोडून आणलेला लहानसा तुकडाही गुन्हाच ठरतो.

अमेरिकेत अॅरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' या काचबंद संशोधन केंद्रात सुमारे साडेसव्वीस लाख लिटरचा कृत्रिम समुद्र आहे. त्यात पाण्याचं रसायन मुद्दाम बदलून केलेले प्रयोग संशोधक ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केले. सांगाडे बांधण्याचा वेग कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या प्रमाणांच्या गुणाकाराबरोबर बदलत होता. गुणाकारातला एक आकडा मुळातच मोठा आणि स्थिर असला, की सगळा खेळ दुसऱ्याच्या हातात जातो.

भरपाईची जुनी रीत म्हणजे चुन्याची निवळी. शाळेत नळीने फुंकून दुधाळ केलेली हीच ती. निवळीतला हायड्रॉक्साइड पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचं पुन्हा बायकार्बोनेट करतो, आणि कॅल्शियम व अल्कलाइनिटी अगदी सांगाड्याच्याच प्रमाणात परत मिळतात. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो. अशी एक लिटर निवळी १०० लिटरच्या टाकीत साधारण १.१ डीकेएच वाढवते. टाकीतून जेवढं पाणी उडतं तेवढीच निवळी घालता येते, ही तिची मर्यादा. तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबथेंबच सोडावी. पानाचा चुना वापरू नये, त्याच्या शुद्धतेची हमी नसते.

खप जास्त असेल तर दोन वेगळी द्रावणं लागतात. १०० लिटरमध्ये १ डीकेएच भरून काढायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि त्याच्या जोडीला २.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही एकाच जागी ओतली तर पांढरा साका पडतो. खरं तर उष्ण समुद्राचं वरचं पाणी मुळातच अॅरागोनाइटने तिप्पट-चौपट अतिसंपृक्त, म्हणजे विरघळून राहू शकेल त्याहून जास्त भरलेलं, असतं. तरी साका पडत नाही, याचं मोठं श्रेय मॅग्नेशियमला. लिटरमागे १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं हे मूलद्रव्य नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटून त्याची वाढ अडवतं. ते घटलं की कितीही औषध घाला, आकडे टिकत नाहीत, आणि बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढतो तसा थर टाकीच्या हीटरवर आणि पंपावर चढतो.

म्हणून आधी मॅग्नेशियम तपासा. मग दोन-तीन दिवस काहीही न घालता रोज ठरावीक वेळी अल्कलाइनिटी मोजा. रोज जेवढी घट, तेवढाच रोजचा डोस. कॅल्शियमची तपासणी आठवड्यातून एकदा पुरते.