विद्युतचुंबकीय आयन सायक्लोट्रॉन तरंग

पृथ्वीच्या चुंबकांबरात (तिच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या अवकाशात), चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास, ऊर्जावान प्रोटॉनांपासून निर्माण होणारे मंद तरंग. वारंवारता साधारण ०.१ ते ५ हर्ट्झ. इंग्रजी आद्याक्षरांवरून (EMIC) अभ्यासक त्यांना थोडक्यात ‘ईमिक तरंग’ म्हणतात. हे तरंग पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्ग पट्ट्यांतले अतिवेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात पाडू शकतात, आणि त्यांचे खरे महत्त्व तिथेच आहे.

चुंबकीय वादळात रात्रीच्या बाजूकडून आत ढकललेले प्रोटॉन पृथ्वीभोवती फिरू लागतात व वलयप्रवाह तयार होतो. त्यांची ऊर्जा बहुधा दहा हजार ते एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टप्प्यात असते. चुंबकीय क्षेत्ररेषेला (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषेला) काटकोनात असलेली त्यांची गती रेषेच्या दिशेतल्या गतीपेक्षा जास्त झाली की ही व्यवस्था अस्थिर होते आणि जादा ऊर्जा तरंगांच्या रूपाने बाहेर पडते. सौरवाऱ्याचा दाब एकाएकी वाढून दिवसाकडची बाजू दाबली गेली, तरीही हेच घडते. वादळात दुपारनंतरचा व संध्याकाळचा भाग या तरंगांना विशेष अनुकूल असतो, कारण तिथे गरम प्रोटॉन थंड, दाट प्लाझ्मात (विद्युतभारित कणांच्या वायूत) शिरतात.

तरंगांची वारंवारता स्थानिक चुंबकीय क्षेत्रावर ठरते. कोल्हापुरात जमिनीवरचे क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे. तेवढ्या क्षेत्रात प्रोटॉन क्षेत्ररेषेभोवती सेकंदाला ६०० हून अधिक फेऱ्या घेईल. पृथ्वीच्या केंद्रापासून पाच त्रिज्यांवर, विषुववृत्ताच्या पातळीत, क्षेत्र सुमारे २५० नॅनोटेस्ला उरते आणि फेऱ्या सेकंदाला चारच्याही खाली येतात. हीलियम आयनाची फिरण्याची वारंवारता प्रोटॉनच्या एक चतुर्थांश, ऑक्सिजनची एक षोडशांश. म्हणून तरंगांच्या वारंवारतेचे हायड्रोजन, हीलियम व ऑक्सिजन असे तीन पट्टे पडतात.

कणांवरचे परिणाम. ज्या प्रोटॉनांपासून तरंग जन्मतात, त्यांनाच ते विखुरतात. काहींची दिशा क्षेत्ररेषेकडे इतकी वळते की ते थेट वातावरणात उतरतात आणि ध्रुवीय प्रकाशाच्या मुख्य पट्ट्यापासून अलग असा प्रोटॉन-प्रकाश दिसतो. वलयप्रवाह ओसरण्याचा हा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. थंड हीलियम आयनही या तरंगांमुळे तापतात.

इलेक्ट्रॉनांची गोष्ट अधिक विलक्षण आहे. ईमिक तरंगाचे क्षेत्र प्रोटॉन ज्या बाजूने फिरतात त्या बाजूने फिरते, तर इलेक्ट्रॉन उलट बाजूने. मग दोघांचा मेळ बसावा कसा? पुणे-बेंगळुरू महामार्गावर मागे टाकलेला ट्रक आपल्या गाडीतून पाहताना मागे सरकताना दिसतो. तसे तरंगाला मागे टाकून पुढे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला त्याचे फिरणे उलटे भासते. तेव्हा अनुनाद जुळतो, म्हणजे दोघांची लय एक होते. त्यासाठी प्रचंड वेग लागतो, म्हणून साधारणपणे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचेच इलेक्ट्रॉन तरंगाच्या तावडीत सापडतात. रिचर्ड थॉर्न व चार्ल्स केनेल यांनी १९७१ मध्येच ही शक्यता मांडली होती. २०१२ मध्ये सोडलेल्या व्हॅन ॲलन जुळ्या यानांच्या नोंदींनी तिला मोठा आधार दिला. मात्र क्षेत्ररेषेला जवळजवळ काटकोनात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना हे तरंग हात लावू शकत नाहीत. एकटे ईमिक तरंग पट्टा रिकामा करतात असे सरसकट लिहिले जाते, ते म्हणूनच पटण्यासारखे नाही. इतर तरंगांची साथ लागते.

खाली पडलेले हे इलेक्ट्रॉन ५० ते ७० किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतात, तिथे नायट्रोजनची ऑक्साइडे बनवतात आणि ओझोन घटवू शकतात. हे उच्च अक्षांशांवर घडते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार याच्या थोडे वरचे, सुमारे ८० ते ९८ किलोमीटरवरचे वारे मोजण्यासाठी उभारले गेले. कोल्हापुरातून जाणारी क्षेत्ररेषा फार तर दीड-दोनशे किलोमीटरांच्या आसपास चढते, म्हणजे आयनांबरातच (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातच) राहते. त्यामुळे किरणोत्सर्ग पट्ट्यातले इलेक्ट्रॉन तिच्यावरून शहराच्या आकाशात उतरत नाहीत.

१०-११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हान्ले येथून आकाशात लाल कमान टिपली गेली. अशा कमानीत वलयप्रवाहाची ऊर्जा थंड इलेक्ट्रॉनांकडे जाते, ती उष्णता खाली उतरते आणि ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. ऊर्जा पोहोचवण्याच्या सुचवलेल्या मार्गांपैकी ईमिक तरंग हा एक. कोल्हापुरातून रात्रदीप्तीची (रात्रीच्या वातावरणाच्या स्वतःच्या मंद प्रकाशाची) चित्रे याच लाल रेषेत घेतली गेली आहेत, पण इथे तिचा उगम वेगळा: आयनांबरातल्या ऑक्सिजनाचे रेणू-आयन इलेक्ट्रॉनांशी पुन्हा जुळताना हा प्रकाश पडतो. विषुववृत्तीय प्लाझ्मा-बुडबुडे, म्हणजे आयनांबरातले विरळ प्लाझ्माचे भाग, त्यात काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. रंग एक म्हणून कारण एक मानू नये.

जमिनीवर हे तरंग पहिल्यांदा १९३६ मध्ये उत्तर युरोपात नोंदले गेले. मोत्यांच्या माळेसारख्या आकृतीमुळे त्यांना ‘मोती-स्पंदने’ म्हटले गेले. अंटार्क्टिकातील भारताच्या मैत्री केंद्रावर प्रेरण-कुंडलीच्या चुंबकमापकाने त्यांची नोंद होते, कारण ते ठिकाण योग्य क्षेत्ररेषांच्या पायथ्याशी आहे. क्षेत्ररेषेने खाली आलेल्या तरंगाचा काही भाग आयनांबरातील मार्गिकेत अडकून आडवा पसरतो व कमी अक्षांशांपर्यंत येतो. दिवसा आयनांबर दाट असल्याने तो वाटेत विरतो, म्हणून आपल्या अक्षांशांवर त्याचा शोध रात्रीच्या नोंदींत घ्यावा लागतो.