ड्रेसिंग रूममधल्या भाषणाची दंतकथा

मॅचआधी कोच ड्रेसिंग रूममध्ये रक्त सळसळवणारं भाषण ठोकतो आणि त्यातून पोरांमध्ये नेतृत्व, चारित्र्य वगैरे उतरतं, ही समजूत जुनी आहे. सिनेमांनी ती आणखी घट्ट केली. पण जॉन वूडन यांच्याकडे पाहिलं की ती टिकत नाही.

वूडन हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच. १९६४ ते १९७५ या काळात त्यांच्या संघाने १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९७४-७५च्या मोसमात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन बसले. त्यांनी वूडन यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती टिपल्या. कौतुक सुमारे ७ टक्के, नाराजीही जवळपास तेवढीच आणि तब्बल ७५ टक्के निव्वळ माहिती: पाय कुठे ठेव, पास कधी दे. स्फूर्तिदायक भाषणं जवळजवळ नाहीतच!

मुळात ते इंग्रजीचे शिक्षक. रोजच्या सरावाची मिनिटामिनिटाची आखणी कार्डावर लिहून आणायचे. नव्या खेळाडूंना पहिला धडा मोजे नीट घालण्याचा. हसू येतं खरं, पण मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो आणि खेळाडू बाकावर बसतो. स्वतःची काळजी स्वतः घ्यायची, ही शिस्त तिथून सुरू व्हायची.

आणि हो, ते १९४८ला रुजू झाले होते. पहिल्या विजेतेपदाआधीची ती १५-१६ वर्षं मात्र कुणी सांगत नाही.