हात थरथरण्याआधी बदलतो तो स्वभाव

कालपर्यंत घर चालवणारा माणूस चाळिशीत चिडका होतो. बिलं भरायची राहून जातात, साध्या हिशेबात गोंधळ उडतो. आंघोळीलाही कोणीतरी उठवावं लागतं. घरचे म्हणतात, आळशी झालाय. हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली दिसू लागतात त्या कधीकधी काही वर्षांनी, आणि मग निदान होतं: हंटिंग्टनचा आजार.

जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकी डॉक्टरने 1872 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच त्याची आनुवंशिकता आणि रुग्णांचा वेड व आत्महत्येकडे असलेला कल नोंदवला होता. तरीही आपलं लक्ष जातं ते हालचालींकडेच. चौथ्या गुणसूत्रावरचा सदोष जनुक 1993 मध्ये सापडला. आई किंवा वडिलांकडून तो मुलात येण्याची शक्यता 50 टक्के असते.

मेंदूत खोलवर असलेला स्ट्रायटम या आजारात झिजत जातो. हा भाग हालचालींवर ताबा ठेवतोच, शिवाय मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेला असल्याने काम सुरू करणं, बेत आखणं, राग आवरणं यांतही त्याचा वाटा असतो. त्यामुळे ताटावर बसवलं तर नीट जेवणारा माणूस आपणहून जेवायला उठत नाही. ही उदासीनता नैराश्यापेक्षा वेगळी असते. नैराश्यात माणूस आतून दुःखी असतो आणि त्यावर औषधांचा उपयोग होऊ शकतो. उदासीन माणसाला मात्र स्वतःचं फारसं काही बिघडलंय असं वाटतही नाही. ‘मला काही झालेलं नाही’ हे त्याचं म्हणणं हट्टापोटी नसतं, आजारामुळे ती जाणीवच पुसट झालेली असते. घरच्यांना हे वेळेवर कोणी सांगितलं, तर कितीतरी भांडणं टळतील.

स्वभाव असाच आधी बदलू शकतो तो विल्सनच्या आजारात, हाही आनुवंशिकच. इथे निदानाला झालेला उशीर जास्त महागात पडतो, कारण त्यावर इलाज आहे. यकृताला तांबं नीट बाहेर टाकता येत नाही, मग ते यकृतात आणि मेंदूत साठतं. हुशार मुलाचे गुण घसरतात, अक्षर बिघडतं, तो विक्षिप्त वागू लागतो. नुसता मनोविकार समजून दिलेल्या काही औषधांनी अंगाचा ताठरपणा वाढूही शकतो. म्हणून तरुण वयात अशा बदलांसोबत कंप, बोलण्यातला जडपणा किंवा यकृताची तक्रार असेल, तर रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), 24 तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी करायलाच हवी. निदान झालं, की सख्ख्या भावंडांनाही तपासतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि लक्षणं दिसण्याआधीच औषध सुरू झालं तर ती सहसा उद्भवतच नाहीत.