डोळे मिटले म्हणजे मेंदूचं दुकान बंद?

‘डोळे मिटले की मेंदूचा पाहण्याचा भाग बंद पडतो’ हा मजकूर आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा फिरला. पटण्यासारखा आहे खरा. डोळा म्हणजे कॅमेरा असं आपण शाळेपासून ऐकतो. झाकण लावलं की काम संपलं, दुपारी एक ते चारसारखं.

पण चित्र उलगडण्याचं बरंचसं काम डोक्याच्या मागच्या भागात चालतं. तिथल्या चेतापेशी मिट्ट काळोखातही विजेचे बारीक स्पंद सोडत असतात, कधी भराभर, कधी विरळ. याचा पुरावा ईईजीत, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणाऱ्या तपासणीत दिसतो. तंत्रज्ञ ‘डोळे मिटा’ म्हणतो तेव्हा रेघा सपाट होत नाहीत. उलट बहुतेकांच्या आलेखात मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लाटा ठळक उमटतात.

आणखी एक गंमत. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं तरी एकच पेशी दर वेळी वेगवेगळ्या संख्येने स्पंद सोडते. तुमचं लक्ष कुठे आहे, झोप किती झाली, मेंदूत आधीपासून काय चाललंय, यावर हा आकडा हलतो. कॅमेरा असा वागत नाही.

घरी पाहायचंय? वहीवर फक्त रेघांचा, आरपार दिसणारा ठोकळा काढा आणि मिनिटभर बघत राहा. पुढची बाजू अचानक मागे जाते, मग परत पुढे येते. कागदावरची रेघ मात्र तसूभरही हललेली नसते.